तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

'फक्त संशोधनासाठी' अशी चिठ्ठी चिकटवून पेप्टाइडच्या कुप्या विकणाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी तुलनेचे तक्ते लिहून देणाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेप्टाइड बनवतो. पोटापाण्याचा उद्योगच तो. रेझिनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवायची, ती मण्यांवरून सोडवायची, शुद्ध करायची, तपासायची, आणि ज्या प्रयोगशाळेने मागवली तिला पाठवायची. त्यामुळे पेप्टाइड या शब्दाचा मला बाऊ नाही. इन्सुलिन पेप्टाइडच आहे, हाडं ठिसूळ झालेल्यांना देतात ते टेरिपॅराटाइड पेप्टाइडच आहे, आणि मधुमेहावर आणि वजन उतरवायला देतात, सध्या ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते सेमाग्लुटाइडही त्याच जातीचं. तुमच्याशी धंद्याचं वैर म्हणावं तर तेही नाही. तुमची गिऱ्हाइकं वेगळी, माझी वेगळी.

पत्र लिहायला बसलो ते भाच्यामुळे. त्याने तुमच्यापैकी कोणाचा तरी तक्ता मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तू हेच करतोस ना? खांदा धरलाय आणि पोटही सुटलंय. यातलं कोणतं घेऊ?" तक्ता सुबक होता. डावीकडे बीपीसी-१५७, उजवीकडे एओडी-९६०४. साखळीची लांबी, मूळ कशात, काम काय, कोणासाठी, शुद्धता किती. डावीकडच्याचं काम 'ऊतींची दुरुस्ती', उजवीकडच्याचं 'चरबी कमी करणे'. शेवटच्या ओळीत मखलाशी अशी, की दोघांची कामं वेगळी असल्यामुळे एकत्र घेतली तरी एकमेकांच्या आड येत नाहीत. हे वाक्य कोणत्या प्रयोगावरून लिहिलं, त्याला मात्र तक्त्यात जागा नव्हती.

भाच्याच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून आधी तुम्हालाच लिहितो. तुमच्या तक्त्यातली बहुतेक माहिती खोटी नाही. तरीही तो वाचून माणूस चुकीच्या जागी पोचतो, कारण ही दोन नावं शेजारी मांडण्यासारखी नाहीत. एक परीक्षेला बसून नापास झालेलं आहे आणि दुसरं परीक्षेच्या दालनापर्यंत नीट गेलेलंच नाही.

आधी नापास झालेल्याची गोष्ट.

माणसाचं ग्रोथ हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांची साखळी. चरबी वितळवण्याचं त्याचं काम साखळीच्या शेवटच्या टोकाकडे असावं, या अंदाजावर ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात बरीच वर्षं काम झालं. कल्पना खरोखरच देखणी होती: अख्खं हार्मोन टोचलं तर रक्तातली साखर बिघडते, हाडं आणि अवयव वाढण्याचा धोका असतो; मग नुसतं शेपूटच घेतलं तर? १७७ ते १९१ हा तुकडा आणि त्याच्या डोक्याशी एक टायरोसिन, अशी सोळा अमिनो आम्लांची साखळी म्हणजे एओडी-९६०४. (तुमच्यातले बरेच जण कुपीवर '१७६-१९१' छापतात. मूळ हार्मोनमध्ये १७६ व्या जागी फेनिलॲलानिन असतं, टायरोसिन नव्हे. वाचणाऱ्याला हा काथ्याकूट वाटेल, पण माझ्या धंद्यात एक अमिनो आम्ल बदललं की तो दुसराच माल होतो.)

लठ्ठ उंदरांवर हे चाललं. वजन उतरलं, आणि ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ज्या खाचेत ते जाऊन बसतं तिला) हात न लावता उतरलं. बीटा-३ ॲड्रिनर्जिक रिसेप्टर नसलेले उंदीर घेऊन पाहिलं तेव्हा वजनावरचा परिणाम दिसला नाही, म्हणजे वाट कुठून जाते याचाही थोडा माग लागला. मेटाबॉलिक फार्मास्युटिकल्स या मेलबर्नच्याच कंपनीने ते माणसांपर्यंत नेलं. तोंडावाटे घ्यायच्या रूपात नेलं, हे ध्यानात असू द्या, त्याकडे परत यायचं आहे. बारा आठवड्यांच्या चाचणीत रोज एक मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी २.६ किलो उतरलं आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ०.८ किलो. आशा वाटावी असाच आकडा. तुमच्या तक्त्यात नेमका हाच येतो, आणि तिथेच थांबतो.

त्यापुढे काय झालं ते असं. ५३६ लठ्ठ माणसांवर चोवीस आठवड्यांची मोठी चाचणी झाली. २००७ मध्ये निकाल आला: प्लासिबोच्या तुलनेत दखल घ्यावी असा फरक नाही. कंपनीने लठ्ठपणावरचं काम बंद केलं. पैसे बुडाले, शेअर कोसळला असेल, बऱ्याच जणांची बरीच वर्षं वाया गेली. मी या गोष्टीकडे हळहळून पाहतो, कारण त्या लोकांनी करायला हवं ते सगळं केलं. कल्पना मांडली, उंदरावर पाहिली, माणसांवर पाहिली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, कोणाला काय मिळालं ते कोणालाच कळू दिलं नाही, आणि निकाल विरुद्ध गेला तेव्हा तो जगाला सांगितला. आणि अशी रीतसर नापास झालेली साखळी तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांनंतर 'चरबी कमी करणे' या रकान्यात उभी करता.

एओडीच्या बाजूने एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. त्या चाचण्यांत मोठा अपाय दिसला नाही. तुम्ही 'सुरक्षित' लिहिता ते तिथूनच उचललेलं. पण मोठ्या चाचणीतल्या माणसांनी औषध गिळलं होतं. तुम्ही विकता ती पूड पाण्यात विरघळवून कातडीखाली टोचायची असते. पोटात गेलेल्या पेप्टाइडचा बराचसा भाग पाचकरसच फस्त करतात, टोचलेलं त्या रसांच्या तावडीत सापडतच नाही. गिळण्याचा दाखला टोचण्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या रेशनकार्डावर आपलं धान्य उचलणं.

आता डावा रकाना.

बीपीसी-१५७ चा जन्म क्रोएशियात, झाग्रेबमध्ये. प्रेद्राग सिकिरिच आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यावर लिहीत आले आहेत. पंधरा अमिनो आम्लं. जठररसातल्या एका प्रथिनाचा तुकडा म्हणून ते मांडलं गेलं. नावातली तीन अक्षरं 'शरीराचं रक्षण करणारं संयुग' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. बारसं करतानाच गुण गायचे हा प्रकार मला खटकतो, पण तो भाग सोडू.

उंदरांच्या मोठ्या भावंडांवर, म्हणजे घुशीसारख्या पांढऱ्या रॅट्सवर, याचे प्रयोग मुबलक आहेत. जठरातले व्रण, आतड्याचे टाके, फाटलेले स्नायू, टाचेमागची कापलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. बहुतेक ठिकाणी निकाल चांगलाच. तैवानमधल्या एका गटाने कंडरेच्या पेशी बशीत वाढवून त्यांवरही काम केलं. नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते असंही दिसलं आहे. हे सगळं मी हसण्यावारी नेत नाही. पण यातले कितीतरी निबंध एकाच गटाचे आहेत, आणि ही साखळी शरीरात नेमक्या कोणत्या रिसेप्टरला जाऊन बसते हे आजही पक्कं सांगता येत नाही. रॅट आणि कुत्र्यांत मोजलं तेव्हा रक्तातली तिची अर्धी मात्रा अर्ध्या तासाच्या आत संपली होती. एवढ्यात ती काय काय करून जाते, हा प्रश्न मला संशोधक म्हणून झोपू देणार नाही. तुमच्या तक्त्यात त्याची जागा 'झटपट असर' या शब्दांनी घेतली आहे.

भाच्याच्या खांद्यापाशी थोडं थांबतो, कारण इथे सगळ्यात मोठी गफलत आहे. प्रयोगातला रॅट तरुण असतो, धडधाकट असतो. त्याची कंडरा भूल देऊन, स्वच्छ पात्याने, एका रेषेत कापतात. अशी जखम काहीही न करतासुद्धा काही आठवड्यांत बरीचशी भरून येते. औषधाने ती लवकर किंवा जास्त मजबूत भरते का, एवढंच तिथे मोजतात. भाच्याचा खांदा कोणी पात्याने कापलेला नाही. चाळिशीकडे झुकलेला माणूस, वर्षानुवर्षं चुकीच्या कोनात उचललेली वजनं, आतून तंतू-तंतू विसकटत गेलेली कंडरा. कापलेली दोरी आणि झिजलेली दोरी या वेगळ्या तक्रारी आहेत. रॅटच्या प्रयोगातून झिजलेल्या दोरीबद्दल फार थोडं कळतं.

माणसांवर काय आहे? गुडघेदुखीच्या बारा रुग्णांना सांध्यात इंजेक्शन दिल्याची एक नोंद आहे. त्यातल्या सात जणांनी सहा महिन्यांहून जास्त काळ आराम वाटल्याचं सांगितलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. मूत्राशयाच्या दुखण्यावरचा एक छोटा प्रयोग आहे, तोही बारा जणांचा. क्रोएशियातल्याच प्लिव्हा या कंपनीने पीएल-१४७३६ या नावाने हेच पेप्टाइड मोठ्या आतड्याच्या दाहावर आजमावायला घेतलं होतं. ते औषध बाजारात आलं नाही. २०१५ मध्ये बेचाळीस निरोगी माणसांवरची सुरक्षिततेची चाचणी सरकारी नोंदवहीत दाखल झाली, आणि तिचे निकाल छापून आले नाहीत. २०२५ मध्ये हाडं-सांध्यांच्या डॉक्टरांसाठी निघालेल्या एका आढाव्यात या विषयावरचे छत्तीस अभ्यास निवडले गेले. त्यातले पस्तीस प्राण्यांवरचे किंवा पेशींवरचे, माणसांवरचा एक.

म्हणून तुमच्यातले काही जण जो युक्तिवाद करतात, की 'पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या पैसे घालत नाहीत, नाहीतर हे कधीच सिद्ध झालं असतं', तो मला पटत नाही. पैसे घालून पाहणारे होते. एकदा नव्हे, दोनदा दार ठोठावलं गेलं. आत काय झालं ते आपल्याला दिसलेलं नाही, एवढंच.

आता ही दोन्ही नावं पुन्हा शेजारी ठेवा. एओडीच्या रकान्यात 'मोठ्या चाचणीत परिणाम दिसला नाही' असं लिहावं लागेल. बीपीसीच्या रकान्यात तसं काही लिहावं लागणार नाही. म्हणजे बीपीसी वरचढ दिसेल! कशामुळे? ते अजून हरलेलं नाही यामुळे. न लढलेला पैलवान कधी चीत होत नाही. २००४ मध्ये कोणी एओडीचा तक्ता केला असता तर त्यातही २.६ किलो झळकले असते आणि तोही आजच्या बीपीसीसारखाच उमदा दिसला असता. भाच्याने 'कोणतं चांगलं' विचारलं तेव्हा तो नकळत हेच विचारत होता: ज्याचा निकाल लागलाय ते, की ज्याचा लागायचाय ते. तुमच्या तक्त्यात निकालाचा रकानाच नसल्यामुळे त्याला प्रश्न तसा दिसलाच नाही.

अधिकृत बाजू थोडक्यात उरकतो. दोहोंपैकी कशालाही औषध म्हणून मान्यता नाही. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था वाडाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं की एओडी-९६०४ वर बंदी आहे; तेव्हा ते मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात, म्हणजे एस-० मध्ये धरलं होतं, पुढे ते ग्रोथ हार्मोनच्या तुकड्यांत, म्हणजे एस-२ मध्ये गेलं; बीपीसी-१५७ चं नाव २०२२ पासून एस-० मध्ये आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये औषध दुकानांनी स्वतः मिसळून देण्याच्या पदार्थांत बीपीसी-१५७ ला सुरक्षिततेचा गंभीर धोका संभवणाऱ्यांच्या यादीत टाकलं. स्पर्धेत उतरणाऱ्या पोराला तुमचा तक्ता यातलं काहीच सांगत नाही. त्याची कारकीर्द एका लघवीच्या नमुन्यावर संपू शकते.

इथवर जे लिहिलं ते वाचनालयात बसून कोणीही लिहिलं असतं. आता माझ्या टेबलावरचं.

तुमच्या प्रत्येक तक्त्यात शेवटून दुसरी ओळ असते: 'शुद्धता ९९ टक्के'. दोन्ही रकान्यांत तीच. या आकड्यामागे काय असतं ते तुमच्यातल्या लिहिणाऱ्यांना तरी माहीत असावं असं मला वाटतं.

साखळी मण्यावर उलटी विणतात. बीपीसीचं शेवटचं व्हॅलिन आधी चिकटतं आणि पहिलं ग्लायसिन सर्वात शेवटी. १९६३ मध्ये मेरिफिल्ड यांनी ही पद्धत छापली आणि १९८४ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. आजही मूळ तेच आहे. पंधरा अमिनो आम्लांना चौदा जोड. समजा प्रत्येक जोड ९९ टक्के मण्यांवर नीट बसला. ऐकायला छान. पण चौदा वेळा ९९ टक्के म्हणजे शेवटी पूर्ण साखळी सुमारे ८७ टक्क्यांवर येते. सोळा अमिनो आम्लांच्या एओडीत ८६ वर. उरलेल्यात कुठे एक कडी गळलेली, कुठे दोन. आणि ही भेसळ बाहेरची नसते. ती मालाच्याच तोंडावळ्याची असते, जुळ्या भावासारखी, म्हणून वेगळी काढायला जड.

बीपीसीत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागी लागोपाठ तीन प्रोलिन आहेत. यांनी आम्हाला एकदा चांगलंच गंडवलं. जोड पूर्ण झाला की नाही हे पाहायला चार-दोन मणी काढून त्यांवर निनहायड्रिन टाकतात आणि तापवतात. मोकळं टोक शिल्लक असेल तर मणी गर्द निळे होतात. पिवळट राहिले की समजायचं काम झालं. प्रोलिनचं टोक मात्र निराळ्या घडणीचं आहे, ते हा निळा रंग देतच नाही. तिथे क्लोरॅनिल वापरायचं असतं. त्या दिवशी हाताखालच्या नव्या मुलाने सवयीने निनहायड्रिन टाकलं, मणी पिवळे दिसले, त्याने वहीत टिक केली आणि पुढे गेला. मीही वहीवर सही केली. आठवड्याने सगळं शुद्ध करून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं तर १४१९ च्या शिखराशेजारी १३२२ चं तेवढंच दांडगं शिखर. सत्त्याण्णवचा फरक, म्हणजे एक प्रोलिन गायब. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र म्हणजे एचपीएलसी; त्याच्या आलेखात दोन्ही जवळजवळ एकाच जागी उतरली होती. नुसता तो आलेख पाहिला असता तर मीही प्रमाणपत्रावर ९८ लिहून मोकळा झालो असतो. बॅच फेकली. त्या मुलाला मी बोललो नाही, सही माझी होती.

एओडीची खोड वेगळी. त्यात सातव्या आणि चौदाव्या जागी सिस्टीन आहे आणि त्या दोघांनी गंधकाचा पूल बांधून साखळीचा फास करायचा असतो. पूल झाला तर वजन दोनने घटतं. फक्त दोनने, दोन हायड्रोजन गेले म्हणून. घाई केली, द्रावण दाट ठेवलं, तर एका साखळीचा सिस्टीन शेजारणीचा हात धरतो आणि जोड्या तयार होतात. तुमच्या किती प्रमाणपत्रांवर हा पूल तपासल्याचा उल्लेख आहे, मोजून पाहा.

आणि हे सगळं निर्दोष झालं तरी ९९ टक्के म्हणजे कुपीतल्या पाच मिलिग्रॅमपैकी ९९ टक्के पेप्टाइड असं होत नाही. तो आकडा एवढंच सांगतो की यंत्राला दिसलेल्या पेप्टाइडसारख्या गोष्टींत ९९ भाग हवी ती साखळी आहे. पुडीच्या वजनात क्षाराचा वाटा असतो, ओलाव्याचा असतो. शुद्ध करताना वापरलेलं ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल साखळीला चिकटून राहिलं तर या दोघांतही वजनाचा सहावा-सातवा भाग त्याचाच निघतो. आमची गिऱ्हाइकं हे विचारतात. त्यांना कोणाच्या शरीरात काही घालायचं नसतं, फक्त बशीतल्या पेशींवर टाकायचं असतं, तरी विचारतात.

एंडोटॉक्सिनबद्दल तर बोलायलाच नको. जिवाणू मेले तरी त्यांच्या भिंतीचे तुकडे मागे उरतात आणि रक्तात गेले तर थंडी वाजून ताप भरतो. एचपीएलसीला ते दिसत नाहीत. त्यासाठी वेगळी चाचणी असते. नालखेकड्याच्या रक्तातून काढलेल्या अर्काने करतात ती. टोचायच्या औषधांना एंडोटॉक्सिनची तपासणी सक्तीची. 'संशोधनासाठी'च्या कुपीला तिची सक्ती नाही. त्या दोन शब्दांची खरी किंमत ही आहे, आणि तुम्ही ती बरोबर ओळखलेली आहे.

कारण त्या चिठ्ठीवर तुमचा तरी विश्वास आहे का? माझ्या प्रयोगशाळेत इन्सुलिनची सिरिंज शोधून सापडणार नाही. आम्ही पिपेट वापरतो. बेंझाइल अल्कोहोल घातलेलं इंजेक्शनचं पाणीही आम्हाला लागत नाही, पेशींना ते सोसत नाही. तुमच्याकडे मात्र कुपीच्या शेजारच्या चौकटीत दोन्ही विकायला असतं, आणि वर 'माणसांसाठी नाही' हे बजावलेलंही असतं. कोणता संशोधक आपल्या पेशींना कातडीखाली टोचतो?

त्या सिरिंजची अजून एक भानगड. तिच्यावरच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, यू-१०० छापलेल्या सिरिंजवर शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर. पेप्टाइडच्या वजनाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पाच मिलिग्रॅमच्या कुपीत एक मिलिलिटर पाणी घालणारा आणि दोन मिलिलिटर घालणारा, दोघेही 'दहा युनिट' म्हणतात तेव्हा एक जण दुसऱ्याच्या दुप्पट टोचून घेत असतो. भाच्याच्या जिममध्ये एकमेकांना सल्ले दिले जातात ते याच भाषेत. "मी दहा घेतो, तू पंधरा घे."

मोठ्या माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं, हा तुमचा शेवटचा बचाव मला माहीत आहे, आणि तो मला सरसकट अमान्यही नाही. पण ठरवायचं तर समोर सगळी पानं हवीत. मधलीच दोन फाडून ग्रंथ हातात द्यायचा आणि म्हणायचं, वाच आणि ठरव!

तेव्हा मागणं एवढंच. दुकान बंद करा असं म्हणायचा मला अधिकार नाही, ते ज्यांचं काम आहे त्यांनी पाहावं. तक्त्यात एक रकाना वाढवा: 'माणसांवर काय झालं'. एओडीपुढे लिहा, '५३६ जण, २४ आठवडे, प्लासिबोपेक्षा सरस नाही, २००७ मध्ये काम बंद'. बीपीसीपुढे लिहा, 'तुलनेचा गट ठेवून झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल उपलब्ध नाही'. 'एकत्र घेतली तरी चालतात' ही ओळ काढा. शुद्धतेच्या आकड्याखाली मास स्पेक्ट्रोमीटरचा आलेख लावा, त्या कुपीच्या त्याच बॅचचा, कुठल्या तरी जुन्या बॅचचा नको. कुपीत निव्वळ पेप्टाइड किती आणि एंडोटॉक्सिन तपासलं की नाही तेही लिहा. नसेल तपासलं तर 'तपासलेलं नाही' असं लिहा. याला फार खर्च येत नाही. छापायला चार ओळी लागतात.

भाच्याला मी खांदा फिजिओथेरपिस्टला दाखवायला सांगितलं आणि पोटाचं काय करायचं ते त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मग कळलं, की मला विचारण्याआधीच त्याने एक कुपी मागवून ठेवली होती. रविवारी ती घेऊन आला. तळाशी पांढरी, कापसासारखी फुगलेली वडी, वर निळं झाकण, गुळगुळीत चिठ्ठीवर 'बीपीसी-१५७, ५ मिलिग्रॅम, ९९ टक्के, फक्त संशोधनासाठी'. उलटसुलट करून पाहिली, भिंग लावून पाहिली. बॅच नंबर कुठेच नाही. सध्या ती माझ्या फ्रीझरमध्ये आहे. त्याच्या हातात ती परत द्यायची नाही हे मी ठरवलेलं आहे, पण ती कुठल्या बॅचची आणि तिचा आलेख कुठे पाहायला मिळेल, एवढं ज्याची असेल त्याने कळवावं.

आपला,
एक पेप्टाइड बनवणारा